राबाचा धूर

मे महिन्यातल्या एका रविवारी आम्ही चौघं मुळशीकडे निघालो होतो. ताम्हिणीच्या अलीकडे एका वळणावर धूर दिसला. उतारावरच्या एका छोट्या वाफ्यातून निळसर, जाड धूर येत होता. बाइक चालवणारा मित्र म्हणाला, "बघ, इथे पण कचरा जाळतात." मीही मान डोलावली. पुढे चहाला थांबलो, तेव्हा टपरीवरच्या मावशींना मी सहज विचारलं. त्या हसल्या. "कचरा नाय बाळा, राब भाजतोय. भाताचं रोप टाकायचं ना."

मला भाताबद्दल तेव्हा फार काही माहीत नव्हतं, आणि ही गोष्ट जरा लाजिरवाणी होती. कारण मी ज्या कंपनीत कोड लिहिते, तिथे शेतकऱ्यांना खताचा सल्ला देणारं ॲप बनतं. आणि त्यात भाताचा भाग नुकताच माझ्या गळ्यात पडला होता.

मी भडगावची. जळगाव जिल्हा, गिरणेचा काठ. आमच्याकडे कापूस, मका, ज्वारी, पाण्याची सोय असेल तिथे केळी आणि लिंबू. भात हा आमच्यासाठी दुकानातून येणारा माल. ताटात भाकरी असते, बरेचदा कळण्याची. वरणभात असतो, पण आमच्या शिवारात तो उगवत नाही. वर्षाला सरासरी ७०० मिलीमीटरच्या आसपास पाऊस, तोही लहरी. लोणावळ्यात ४,००० मिलीमीटरहून जास्त पडतो. तिथे कोणी पावसाची तक्रार करत असेल, असं मला लहानपणी खोटंच वाटलं असतं.

तर ॲप. पहिल्या हंगामात कापसाचे नियम मीच लिहिले होते. पेरणीची तारीख घ्यायची, त्यात ३० दिवस मिळवायचे, आणि शेतकऱ्याच्या फोनवर निरोप पाठवायचा: युरियाचा हप्ता द्या. साधी बेरीज. टेस्ट केसेस सगळ्या हिरव्या. माझे मोठे काका, ज्यांना आम्ही सगळे जिभाऊ म्हणतो, त्यांच्या फोनमध्ये मीच मोठ्या अभिमानाने ते ॲप टाकून दिलं होतं. जुलैमध्ये १२ दिवस पावसाचा थेंब नव्हता. जमिनीला भेगा पडायच्या बेतात. बरोबर त्या दिवशी माझा निरोप त्यांच्या फोनवर वाजला. संध्याकाळी त्यांचा फोन आला. रागावले नव्हते. फक्त विचारलं, "पानीच नही ते खत काय करी?"

त्या प्रश्नाला माझ्या कोडमध्ये जागाच नव्हती. कोरड्या मातीवर टाकलेला युरिया पिकाला मिळत नाही. त्यातला बराच नत्र अमोनिया होऊन हवेत जातो. हे मला नंतर वाचून कळलं. जिभाऊंना ते न वाचता ठाऊक होतं. चूक कोणा दुसऱ्याची नव्हती, ओळ माझीच होती.

म्हणून भाताचा भाग हाती आला तेव्हा ठरवलं की आधी वाचायचं. आणि वाचायला बसले ती थेट दीडशे वर्षं मागे गेले. मागे जायला एक निमित्त घरचंच मिळालं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई सरकारचं एक प्रायोगिक शेत चक्क भडगावला होतं. जुन्या सरकारी अहवालांत आपल्या गावाचं नाव अचानक दिसलं की कसं वाटतं, ते छोट्या गावातल्या माणसालाच कळेल. मी स्क्रीनशॉट काढून घरच्या ग्रुपवर टाकला. जिभाऊंनी अंगठा दाखवला. त्या काळच्या सरकारला वाटत होतं की नवं बियाणं, नवा नांगर, नवं खत आणून दाखवलं की इथला शेतकरी सुधारेल. म्हणजे सल्ला देणारा एका बाजूला, घेणारा दुसऱ्या बाजूला. माझ्या ॲपचे पणजोबाच म्हणायचे. त्याच काळात, त्याच इलाख्यात, घाटाच्या पलीकडे सरकार आणि शेतकरी यांच्यात एका गोष्टीवरून मोठं भांडण पेटलं होतं. ती गोष्ट म्हणजे राब.

राब म्हणजे नेमकं काय, हे आधी नीट सांगते, कारण मुळशीत मला जो 'कचरा' दिसला त्यात बरंच डोकं आहे.

भात दोनदा लावतात. आधी एका लहान वाफ्यात बी टाकून रोपं करायची, मग तीन-चार आठवड्यांनी ती उपटून, मुठी बांधून, चिखल केलेल्या खाचरात लावायची. हेक्टरभर खाचरासाठी साधारण १० गुंठ्यांची रोपवाटिका धरतात, म्हणजे जमिनीचा एक दशांश. ही दहा गुंठे जमीन उन्हाळ्यात भाजतात. खाली शेणाचा किंवा गोवऱ्यांच्या चुऱ्याचा थर. त्यावर झाडांच्या तोडून वाळवलेल्या फांद्या, म्हणजे टहाळ, कोकणात ज्याला कवळ म्हणतात ते. त्यावर पालापाचोळा आणि गवत. सगळ्यात वर बारीक मातीचा पातळ थर. मग वाऱ्याच्या उलट बाजूने पेटवायचं. वाऱ्याच्या दिशेने पेटवलं तर आग धावत सुटते आणि सगळं वरच्यावर जळून जातं. उलट बाजूने लावली की ती धुमसत, रांगत पुढे सरकते, आणि खालची माती खोलवर तापते. वरच्या मातीमुळे राख उडत नाही आणि उष्णता कोंडून राहते.

जूनमध्ये पहिला पाऊस आला की त्या राखेत बी पेरतात. भाजलेल्या जागेवर तण जवळजवळ उगवतच नाही, कारण तणाचं बी भाजून गेलेलं असतं. रोप हिरवंगार, जोमदार येतं. खाचराला मात्र यातलं काही मिळत नाही. उरलेल्या नऊ-दहा पट जमिनीवर खताचा एक कणही न टाकता लोक पिढ्यान्‌पिढ्या भात घेत होते.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हा वेडेपणा वाटला. सगळं खत एक दशांश जमिनीवर का ओतायचं?

यासाठी लागणारी पानं आणि फांद्या कुठून यायच्या? डोंगरउतारावरून. कोकणात भाताच्या खाचरांसोबत वरकस जमिनी असत. पावसाळ्यात त्यांवर नाचणी-वरी काढायची आणि एरवी तिथलं गवत व टहाळ राबासाठी आणायचं. म्हणजे डोंगराचं पोषण गोळा करून सखल वाफ्यात आणायचं. हिशेबाच्या वहीत भाताचं शेत पाच एकरांचं दिसलं, तरी प्रत्यक्षात ते त्याच्या मागचा डोंगरही वापरत असतं.

१८७८ साली भारतीय वन कायदा झाला. जंगलाचे राखीव आणि संरक्षित असे भाग पडले. कुठल्या झाडाला कोणी हात लावायचा, यावर नियम आले. मुंबई वाढत होती, रेल्वे वाढत होती, लाकडाला आणि जळणाला भाव होता. वनखात्याच्या साहेबाला फांद्या छाटून खांबासारखी उभी राहिलेली ऐनाची झाडं दिसत. त्याला ती नासधूस वाटे. त्याच्या जागी उभं राहून पाहिलं तर ते अगदीच चूक नव्हतं. दरवर्षी छाटलेलं झाड वाढत नाही, हे कोणीही सांगेल. पण शेतकऱ्याला त्याच झाडावर पुढच्या वर्षीचं भाताचं रोप दिसत होतं. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतून तक्रारी इतक्या वाढल्या की सरकारला मुंबई वन आयोग नेमावा लागला. १८८७ मध्ये त्याचा अहवाल आला. त्या अहवालातला राब हा एक मोठा विषय होता.

इथे एक पुस्तक आठवायलाच हवं, कारण ते आपल्या भाषेतलं आहे आणि नेमकं त्याच वेळचं आहे. महात्मा फुल्यांनी १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहिलं. शाळेत आपण ते जातीव्यवस्थेवरचं आणि शेतकऱ्याच्या लुटीवरचं पुस्तक म्हणून शिकतो, आणि ते तसं आहेच. पण त्यात मातीचं शास्त्रही आहे, ते मात्र परीक्षेत येत नाही. डोंगरावरची पानं-फुलं, मेलेल्या प्राण्यांचे अवशेष पावसाच्या पाण्याबरोबर वाहत खाली शेतात येतात आणि जमीन सुपीक करतात, असं फुले मांडतात. ती रानं वनखात्याने घेतली आणि शेतकऱ्याची ही आपोआप मिळणारी खतावळ तुटली, अशी त्यांची तक्रार आहे. आणि उपाय काय सांगतात? ठिकठिकाणी ताली आणि बंधारे घाला, म्हणजे पाणी शेतात मुरेल आणि मग पुढे ओढ्यानाल्याला जाईल. हे काम फावल्या वेळातल्या सैनिकांकडून आणि पोलिसांकडून करून घ्या, हेही त्यांनीच सुचवलं.

मी ते वाचताना थांबले. कारण फुल्यांच्या मांडणीत खत एका ठिकाणी आणि पाणी दुसऱ्या ठिकाणी अशी विभागणी नाहीच. पाणीच खत घेऊन येतं, पाणीच ते घेऊन जातं. बांध घातला तर दोन्ही थांबतात. माझ्या डेटाबेसमध्ये खताचं टेबल वेगळं, हवामानाचं वेगळं, आणि दोघांची एकमेकांशी ओळखही नव्हती.

फुल्यांनंतर काही वर्षांनी, १८८९ च्या अखेरीस, इंग्लंडहून डॉ. जॉन ऑगस्टस व्होल्कर हे कृषिरसायनज्ञ भारतात आले. वर्षभर फिरले. त्यांचा अहवाल १८९३ मध्ये छापला गेला. इथला शेतकरी अडाणी आहे, त्याला शिकवायला हवं, अशी अपेक्षा ठेवणाऱ्यांची त्यात निराशा झाली असणार. व्होल्कर यांचं म्हणणं साधारण असं, की भारतीय शेतकरी सरासरी इंग्लिश शेतकऱ्याइतकाच चांगला आहे, काही बाबतींत सरसच; कमी आहे ती साधनांची, पाण्याची आणि खताची. शेण जाळलं जातं कारण दुसरं जळण नाही, तर जळणासाठी वेगळी राखीव झाडी लावा म्हणजे शेण शेतात जाईल, हा त्यांचा आग्रह होता. राबाचीही त्यांनी दखल घेतली. मुंबई इलाख्याचे कृषी संचालक ई. सी. ओझॅन यांच्या काळात राबाचे प्रयोग झाले होते, आणि भाजलेल्या वाफ्यातलं रोप न भाजलेल्यापेक्षा चांगलं येतं, हे सरकारी प्रयोगातही दिसत होतं.

का येतं, हे मात्र कोणाला सांगता येत नव्हतं. राखेमुळे, असं सगळे धरून चालले होते.

हे कोडं पुण्यात उलगडायला घेतलं गेलं. १९०७ मध्ये हॅरॉल्ड मान पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. हे तेच मान, ज्यांनी पुढे पिंपळे सौदागर या गावाचा घरोघरी जाऊन अभ्यास केला आणि १९१७ मध्ये पुस्तक काढलं. (आज पिंपळे सौदागरला माझे निम्मे सहकारी भाड्याने राहतात. तिथे कधी शेती होती, यावर त्यांचा विश्वास बसत नाही.) मान यांनी एन. व्ही. जोशी आणि एन. व्ही. कानिटकर या दोघांसोबत राबावर काम केलं, आणि १९१२ मध्ये त्यावरचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला.

त्यांची पद्धत मला फार आवडली, कारण आम्ही बग शोधतो तशीच ती आहे. राबात एकाच वेळी बऱ्याच गोष्टी घडतात: राख मिळते, माती तापते, तण मरतं, मातीचा पोत बदलतो. मग एकेक गोष्ट वेगळी काढायची. नुसती राख टाकून बघायची. राख न टाकता नुसती माती तापवून बघायची. यातून जे दिसलं ते सगळ्यांच्या समजुतीला धक्का देणारं होतं. राखेचा फायदा आहेच, पण मोठं काम उष्णता करते. तापलेल्या मातीत आधीच असलेलं, पण घट्ट बांधून पडलेलं पोषण सुटं होतं आणि रोपाच्या मुळांना लगेच घेता येतं.

योगायोग असा की दूर इंग्लंडमध्ये रॉथॅमस्टेडच्या केंद्रात रसेल आणि हचिन्सन हे दोघं त्याच सुमारास, १९०९ मध्ये, माती तापवली की तिच्यात अमोनिया का वाढतो, हे शोधत होते. त्यांना ही गोष्ट प्रयोगशाळेत आढळली. मावळातला माणूस तीच गोष्ट गोवऱ्या आणि टहाळ घेऊन दर उन्हाळ्यात करत होता. त्याला अमोनिया हा शब्द माहीत नव्हता, एवढाच फरक.

पण मला मान-जोशी-कानिटकरांच्या निबंधापेक्षाही एक पाऊल पुढे जावंसं वाटतं. हे माझं वाचन आहे, चुकत असेन तर सांगा. सगळं खत एक दशांश जमिनीवर का, या माझ्या आधीच्या प्रश्नाचं उत्तर मला पावसात दिसतं.

जूनचा पहिला पाऊस म्हणजे नुसतं आश्वासन. एक-दोन सरी येतात आणि मग आठवडाभर कोरडं जाऊ शकतं. खाचरात चिखल करायला आणि पाणी साठवायला जो जोराचा पाऊस लागतो, तो बहुधा जुलैचा. त्याआधी तुमच्याकडे पाणी थोडं आणि बेभरवशाचं. एवढ्या पाण्यात काय जगेल? दहा गुंठे. मोठ्या खाचरात खत टाकलं आणि पाऊस लांबला, तर ते उन्हात वाया जाईल. उलट पाऊस कोसळला, तर घाटाखालच्या चार हजार मिलीमीटरमध्ये ते बांध ओलांडून नदीला मिळेल. म्हणून ज्या तुकड्याला पाणी मिळण्याची सगळ्यात जास्त खात्री आहे, तिथेच सगळी पुंजी लावायची. पोषण मातीत सोडायचं, पण ते पहिल्या पावसाच्या तोंडावर. मग जुलैत पाणी आलं की ताकदवान रोप खाचरात न्यायचं. रोपाच्या अंगातच खत भरून ते उचलून नेण्यासारखं हे आहे.

म्हणजे राबाचं कोडं जितकं खताचं आहे, तितकंच वेळेचं आहे. साहेबाच्या वहीत झाडं मोजली जात होती, प्रयोगशाळेत नत्र मोजला जात होता. शेतकरी दिवस मोजत होता.

या तिघा लेखकांतल्या कानिटकरांचं पुढे काय झालं, हा भाग मला फार सुंदर वाटतो. भाताच्या ओल्या वाफ्यापासून सुरुवात केलेला हा माणूस पुढे सोलापूरला गेला, राज्यातल्या सगळ्यात कोरड्या पट्ट्यांपैकी एकात. १९३० च्या दशकात तिथे कोरडवाहू शेतीच्या संशोधनाचं केंद्र सुरू झालं, आणि त्या कामात कानिटकर प्रमुख होते. बांधबंदिस्ती, शेणखत, कमी बियाणं, दोन ओळींत जास्त अंतर, सतत कोळपणी, असा सगळा संच तिथे तयार झाला. कमी बियाणं का? कारण जमिनीत मुरलेलं पाणी ठरावीक आहे आणि ते जितक्या ताटांत वाटाल तितकं कमी पडेल. कोळपणी का? तण पाणी पितं आणि भेगांतून ओल उडते. आमच्या भडगावच्या ज्वारीलाही हेच लागू. भातापासून निघालेली वाट अशी फिरून काळ्या मातीत आली.

मान पुढे इंग्लंडला परतल्यावर वूबर्नच्या प्रयोगशेतावर काम करू लागले. हे शेत कित्येक वर्षं कोणी सांभाळलं होतं? व्होल्कर यांनी. राबाची दखल घेणारा आणि राबाचं कोडं सोडवू पाहणारा, दोघं अखेर एकाच शेतावर पोहोचले. याचा माझ्या मुद्द्याशी काही संबंध नाही, पण सांगितल्याशिवाय राहवलं नाही.

मग गोणी आली. अमोनियम सल्फेट आलं, हरितक्रांतीत युरिया आला, आणि खत ही डोंगरावरून आणायची गोष्ट न राहता दुकानातून आणायची गोष्ट झाली. शिफारशी आकड्यांत आल्या. सुधारित भाताला हेक्टरी १०० किलो नत्र, ५० स्फुरद, ५० पालाश, नत्र हप्त्यांनी. हे आकडे चुकीचे नाहीत, प्रयोगांतूनच आले आहेत. पण त्यांत एक गृहीतक दडलेलं असतं: हप्ता द्यायच्या दिवशी खाचरात हवं तेवढं पाणी आहे.

पावसावरच्या भातात नेमकं तेच नसतं. खाचरात पाणी उभं असताना मातीत हवा शिरत नाही. अशा मातीत नत्र अमोनियमच्या रूपात टिकतो, आणि स्फुरदही जास्त मोकळा होतो. पाऊस थांबला, पाणी आटलं, भेगा पडल्या की हवा आत जाते आणि अमोनियमचं नायट्रेट होतं. पुन्हा पाऊस आला, पुन्हा पाणी तुंबलं, की मातीतले जिवाणू त्या नायट्रेटचा वायू करून टाकतात आणि तो हवेत निघून जातो. पाणी आलं, गेलं, आलं, अशा प्रत्येक फेरीत पैसे देऊन आणलेला नत्र थोडा थोडा उडतो. जपानमध्ये शिओइरी यांनी १९३०-४० च्या सुमारास भाताच्या चिखलात हे दोन थर असतात हे दाखवलं. वर हवा लागलेला पातळ पापुद्रा, खाली हवा नसलेला चिखल. अमोनियमचं खत वर फेकू नका, खालच्या थरात गाडा, हा धडा त्यातून आला.

तो धडा महाराष्ट्रात शेतकऱ्याच्या हाती देण्याचं काम डॉ. नारायण सावंत यांनी केलं. त्यांची 'चारसूत्री' पद्धत भातपट्ट्यात बऱ्याच जणांना माहीत आहे. रोपवाटिकेत भाताच्या तुसाची राख मिसळायची. खाचरात गिरिपुष्पाचा हिरवा पाला गाडायचा. दोरी धरून १५ आणि २५ सेंटीमीटरच्या आलटून-पालटून अंतरावर रोपं लावायची. आणि युरिया व डीएपी एकत्र दाबून केलेली सुमारे २.७ ग्रॅमची गोळी दर चार चुडांच्या मधोमध हाताने चिखलात खोल खोचायची.

मी गणित मांडून बघितलं. १५ अधिक २५ म्हणजे ४०. चाळीस बाय चाळीस सेंटीमीटरच्या चौकोनाला एक गोळी. हेक्टरमध्ये असे ६२,५०० चौकोन. ६२,५०० गोळ्या, प्रत्येकी २.७ ग्रॅम, मिळून सुमारे १६९ किलो खत. बासष्ट हजार पाचशे वेळा वाकायचं, हेही त्याच गणितात आलं, आणि भातात वाकणाऱ्या बहुतेक बायका असतात.

यातली पहिली दोन सूत्रं पुन्हा वाचा. रोपवाटिकेत राख. शेतात झाडाचा पाला. राबाचे दोन तुकडे परत आले आहेत. फक्त आग वगळली आहे, आणि डोंगरावरच्या ऐनाऐवजी बांधावर लावलेलं गिरिपुष्प आहे. ते पाच-सहा महिन्यांत पुन्हा फुटतं, छाटलं तर वनखात्याला काही म्हणायचं नसतं. आणि गोळीलाही पाणी लागतंच. चिखल मऊ असेल तरच ती खोल जाते. पावसाने ओढ दिली आणि खाचर कडक झालं, तर गोळ्यांची पिशवी बांधावरच राहते.

राब सोन्याचा आहे असं मला म्हणायचं नाही. तो भाजताना डोळ्यांत जाणारा धूर, डोक्यावरून आणलेले टहाळाचे भारे, शेण जाळल्यावर हवेत जाणारा नत्र, दरवर्षी छाटली जाणारी झाडं, हे सगळं त्यात आहे. कृषी विभाग आज गादीवाफे करा, भाजू नका म्हणतो, आणि त्यालाही कारणं आहेत. पण टपरीवरच्या मावशींना मी विचारलं होतं की न भाजता करून पाहिलंय का. त्या म्हणाल्या, "पाहिलं. बरं येतं. पन मग गवत कोन उपटनार, तू?"

खान्देशातही भात आहे, हे मला याच शोधात उमगलं. आम्ही पूर्वेकडचे लोक पश्चिमेकडे बघतच नाही. साक्रीचा पश्चिम भाग, नवापूर, जिथे सह्याद्रीच्या आणि सातपुड्याच्या कुशीत पाऊस आमच्यापेक्षा पुष्कळ जास्त पडतो, तिथे मावची, कोकणा, भिल्ल कुटुंबं पावसावर भात घेतात. नंदुरबार १९९८ मध्ये वेगळा जिल्हा झाला, त्यामुळे आता तो आमच्या जिल्ह्यांच्या यादीतही नाही. आमच्या ॲपच्या पहिल्या नकाशात या भागाला भाताचा रंग नव्हता. तो मी भरला.

आणि नियम बदलला. आता ॲप तारीख मोजून थेट निरोप पाठवत नाही. आधी एक प्रश्न विचारतं: शेतात ओल आहे का? भातासाठी: खाचरात पाणी उभं आहे का? उत्तर 'नाही' आलं, तर हप्ता थांबतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं जातं. मीटिंगमध्ये यावर बरीच चर्चा झाली. उपग्रहाचा डेटा असताना माणसाला कशाला विचारायचं, असा एक मुद्दा होता. रोज प्रश्न विचारला तर लोक ॲप काढून टाकतील, असा दुसरा. दोन्ही मुद्द्यांत तथ्य आहे. उपग्रहाचा मोठा चौकोन एका शेताची ओल सांगू शकत नाही, एवढंच मी म्हटलं, आणि एका हंगामापुरती परवानगी मिळाली.

त्या हंगामात जिभाऊंनी कापूस लावला होता. जुलैत पुन्हा ओढ बसली. मला आमच्या सर्व्हरवर त्यांची उत्तरं दिसत होती: नाही, नाही, नाही. सलग नऊ दिवस. दहाव्या दिवशी रकाना रिकामा. मला वाटलं, झालं, काढून टाकलं त्यांनी.

संध्याकाळी फोन वाजला. मागे पत्र्यावर एवढा आवाज होता की त्यांना ओरडून बोलावं लागत होतं.

"पानी पडी राह्यनं व," जिभाऊ म्हणाले. "आते इचार तुन्हा सवाल."